चोपता-तुंगनाथसाठी कुकर, गॅस आणि थोडे पैसे हवेत

नमस्कार मंडळी,

थेट मुद्द्यावर येते. उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथच्या मंदिराकडं जाणाऱ्या वाटेवर जे चहावाले, ढाबेवाले आणि छोटे लॉजवाले आहेत त्यांच्यासाठी आपलं मंडळ यंदा गॅस कनेक्शन आणि मोठे प्रेशर कुकर द्यायचं म्हणतंय, त्यासाठी पैसे हवेत, चालू स्थितीतले कुकर हवेत आणि सोबत यायला चार-सहा माणसं हवीत. गुढीपाडव्यापर्यंत सगळं हाताशी आलं पाहिजे, कारण त्यानंतर तुंगनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, उघडतात आणि एकदा यात्रा सुरू झाली की तिथं कुणाला दोन मिनिटं बोलायलाही फुरसत नसते.

आता काही जण विचारतील की हिमालयात गॅस वाटायचं काम नाशिकच्या ट्रेकिंग मंडळानं का करायचं. तर त्याचं कारण सेमरू नावाचं एक झुडूप.

बुरांश आपल्या सगळ्यांना माहितीये, उत्तराखंडचा राज्यवृक्ष, लालभडक फुलं, सरबताच्या बाटल्या आपण घरी आणतो. पण तो खालचा, मोठा वृक्ष होणारा. त्याचाच भाऊबंद म्हणजे सेमरू, ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलॅटम, तो अगदी वर असतो, साधारण ३,२०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात, जिथं उंच झाडं संपतात आणि बुग्याळाचं, म्हणजे उंचावरच्या कुरणाचं, गवत अजून सुरू व्हायचं असतं. मे-जूनमध्ये फिकट जांभळी घंटेसारखी फुलं येतात. हिवाळ्यात चार-पाच महिने अंगावर बर्फाचं ओझं, तेही उतारावरून खाली सरकणारं, त्यामुळं याचं खोड आधी जमिनीलगत उताराच्या दिशेनं आडवं जातं आणि मग वर वळतं, बर्फ वितळला की वाकलेल्या फांद्या पुन्हा उभ्या होतात. सोबत ज्युनिपर असतो, भोजपत्र असतं, आणि त्याहून वर गुडघ्याएवढं सुगंधी पानांचं अजून एक ऱ्होडोडेंड्रॉन असतं, अँथोपोगॉन, त्याची पानं धूप म्हणून जाळतात. आपल्याकडं कारवीच्या रानात घुसल्यावर कसं होतं, दोन हातावरचा माणूस दिसत नाही आणि उताराची सगळी माती त्या झुडपांनी धरून ठेवलेली असते, तसंच समजा. कस्तुरी मृग दिवसभर याच्या आडोशाला दडून राहतो आणि अंधार पडायला लागला की चरायला बाहेर येतो, मोनाल हा रंगीत पक्षीही याच पट्ट्यात दिसतो. हा सगळा भाग केदारनाथ अभयारण्यात येतो आणि ते १९७२ साली मुख्यतः कस्तुरी मृगासाठीच केलंय, म्हणजे कागदावर संरक्षण आहे. तरी फांद्या तुटतातच.

आणि त्या कशासाठी तुटतात तर आपल्या डाळीसाठी. याची पानं विषारी असतात, शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं चराईचा त्रास याला कमी, खरा धोका कोयत्याचा. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात राजमा किंवा चणाडाळ तासन्तास ठेवा, शिजत नाही, आणि तेवढा वेळ खाली चूल धडधडत राहते. मागच्या खेपेला एका ढाब्याच्या मागं रचलेला सरपणाचा ढीग बघितला, मनगटाएवढ्या जाड वाकड्या फांद्या, काहींना पानं तशीच होती, पान उलटं केलं की पाठीवर तपकिरी मखमल, म्हणजे सेमरूच. कापलेल्या तोंडावरची वर्षांची वलयं इतकी चिकटून की नुसत्या डोळ्यांनी मोजताच येईनात. एवढी फांदी व्हायला किती वर्षं गेली असतील आणि एका संध्याकाळच्या जेवणात ती जाते, हे बघून पोटात कालवलं.

ढाबेवाल्या दीदींना दोष देऊ नका प्लीज. त्यांनी सरळ सांगितलं, गॅस आहे हो घरात एक, पण तो संपला की खाली न्यायचा, भरून आणायचा, खेचराचं भाडं द्यायचं, आणि थंडीत सिलिंडरचं प्रेशर पडतं मग पोतं गुंडाळून बसायचं, इकडं ट्रेकर दारात उभे, "आंटी मॅगी, आंटी दालचावल". ते ट्रेकर कोण तर आपणच, पुणे-ठाणे-नाशिकचे, मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तर त्या वाटेवर सारखी मराठीच कानावर पडते. म्हणून हे काम आपलं आहे असं मला मनापासून वाटतं.

झाडं का लावत नाही असंही विचारलं गेलंय. लावणं वाईट नाही, गंगोत्रीच्या वर भोजबासाला यात्रेकरूंच्या आणि दुकानांच्या सरपणापायी भोजपत्राचं जंगल जवळजवळ संपलं होतं, तिथं गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी नव्वदच्या दशकापासून रोपवाटिका, कुंपण, लागवड असं चिवटपणे केलंय आणि आम्हाला त्यांच्याबद्दल प्रचंड आदर आहे. पण त्या उंचीवर रोप जगवायला अनेक वर्षं हाताशी माणसं लागतात, तेवढी ताकद आज आपल्यात नाही. जे उभं आहे ते जळू न देणं आपल्याला जमेल. बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला उत्तराखंड हायकोर्टानं ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली, फार चांगलं झालं, फक्त सगळी चर्चा गवताचीच होते आणि ही झुडपं कुणाच्या फोटोत नाहीत की बोलण्यात नाहीत. तिकडं युरोपात आल्प्समध्ये उंच झाडं संपतात तिथल्या अशाच पट्ट्यात बुटका पाइन आणि ऱ्होडोडेंड्रॉन एकत्र वाढतात, युरोपियन युनियननं १९९२ च्या कायद्यात त्यांचा अधिवास प्राधान्यानं जपायच्या यादीत घातलाय. झुडपं आहेत म्हणून दुय्यम, असं तिथं कुणी धरलं नाही.

तर काय हवंय ते ऐका. पैसे: कितीही चालतील, अगदी १०० रुपयेसुद्धा, पावती मिळणारच. यावर्षी मंडळाबरोबर हिमालयात जाणाऱ्या प्रत्येकानं फीसोबत ३०० रुपये जास्तीचे द्यावेत अशी विनंती आहे, सक्ती नाही. देणगीवरची ८०जीची आयकर सवलत आपल्याकडं नाही, आधीच सांगते म्हणजे नंतर गैरसमज नको. या पैशातून कनेक्शनचं डिपॉझिट, शेगडी, रेग्युलेटर आणि पहिल्या सीझनचं खेचरभाडं द्यायचंय, कनेक्शन तिथल्याच एजन्सीतून त्यांच्याच नावावर घ्यायचं, इथून सिलिंडर न्यायचे नाहीत.

कुकर: साडेसात लिटरच्या पुढचे, वापरलेले चालतील पण बुडाला पोक आलेला नको, झाकण नीट बसलं पाहिजे. रिंग, शिट्टी आणि सेफ्टी वॉल्व्ह आम्ही सगळ्यांना नवीनच बसवणार आहोत, त्यामुळं भांड्याचं दुकान असलेल्या कुणी या स्पेअर पार्टमध्ये सूट दिली तर फारच मदत होईल. लग्नात आलेले मोठे कुकर किती घरांत माळ्यावर पडून असतात ते काकू-मावश्यांनो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक विनंती, खराब वस्तू फेकायची म्हणून इकडं देऊ नका, ती चार किलोमीटर चढून वर न्यायचीये.

माणसं: एप्रिलमध्ये साधारण दहा दिवस काढू शकणारे, हिंदी बरं बोलणारे, कुकरची रिंग बदलता येणारे. गढवाली येत असेल तर सोन्याहून पिवळं. ट्रेकचा अनुभव असलाच पाहिजे असं नाही, पण चोपत्यापर्यंत गाडीरस्ता आहे आणि पुढं चालायचंय हे लक्षात ठेवा, जायचा-यायचा खर्च ज्याचा त्यानं करायचाय.

सामान मंडळाच्या खोलीवर रोज संध्याकाळी सात ते नऊ घेतलं जाईल, रविवारी सकाळीही कुणीतरी असेल. ऑनलाइन पैसे पाठवले की ग्रुपवर नाव आणि रक्कम टाका म्हणजे वहीत लगेच चढवता येईल, नाव जाहीर नको असेल तर तसं खजिनदारांना वेगळं कळवा. कुणाला किती कुकर गेले, कुणाचं कनेक्शन झालं, किती पैसे उरले, याचा हिशोब परत आल्यावर खोलीच्या फळ्यावर लावू.