गृहमंत्री महोदय, खोटं बोलायला आम्हाला ठाण्यातच शिकवलं

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या दादावर खुनाचं आरोपपत्र दाखल झालं आणि त्यात माझ्या वहिनीचं नाव आलं. "घरातल्या बाईमाणसाला यात ओढणार नाही," असा शब्द तपास अधिकाऱ्यांनी आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पिऊन दिला होता. तो शब्द मोडला म्हणून हे पत्र.

आमची वस्ती गावापासून लांब, चहूबाजूंनी ऊस. मध्यरात्री चौघांनी दाराची कडी तोडली. (चौघेच होते म्हणून हा कायद्यानं दरोडाही नाही म्हणे, जबरी चोरी. दरोड्याला पाच जण लागतात. पुढच्या वेळी मोजून घेऊ.) एकानं दादावर कोयता उगारला. दादाकडं परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे, वडिलांच्या वेळेपासूनची रीत. त्यानं दारातून गोळी झाडली. एक जण पडला, तो जागीच गेला. बाकीचे तिघे पळाले. ते अजून सापडलेले नाहीत, महोदय. त्यांच्यावर कुणी आरोपपत्र लिहिलेलं नाही.

आता कायदा बघा. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३८ सांगतं, जिवावर बेतलं तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. कलम ४१ सांगतं, जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तर मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो हक्क तितकाच लांब जातो. म्हणजे दादानं जे घडलं ते घडलं तसं सांगितलं असतं, तर कायदा त्याच्या बाजूला उभा होता. पण हे त्या रात्री आम्हाला कोण सांगणार? सांगितलं ते भलतंच. फिर्याद लिहिणारा हवालदार म्हणाला, "तुम्ही नेम धरून झाडली असं लिहिलं तर तुमच्यावरच तीनशे दोन लागेल. झटापटीत सुटली म्हणा." दादाचे हात थरथरत होते. तो म्हणाला, बरं. सही झाली. त्याला हेही माहीत नव्हतं की तीनशे दोन १ जुलै २०२४ पासून राहिलेलंच नाही, आता ते १०३ आहे. हवालदाराला तरी कुठं माहीत होतं!

मग शवविच्छेदन आलं. जखमेभोवती काजळी नाही, भाजल्याची खूण नाही, छर्रे पसरलेले. म्हणजे गोळी काही फुटांवरून लागली. झटापट खोटी ठरली आणि झटापटीबरोबर कोयताही खोटा ठरवला गेला. जामीन नाकारताना हेच लिहिलं गेलं: आरोपीनं सुरुवातीलाच खोटी माहिती दिली. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ नं आरोपीवर आहे. शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, शक्यता पटवली तरी पुरतं. पण पहिल्या कागदावरच खोटं निघालेल्या माणसाची शक्यता कोण पटवून घेणार?

वर न्याय संहितेचं कलम २१७, लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल. एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातली गंमत अशी की नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम २१५ प्रमाणे हा खटला त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीशिवाय चालतच नाही. खोटं ज्या ठाण्यानं शिकवलं, तक्रारही त्याच ठाण्यानं केली. वहिनीनं पोलीस यायच्या आत ओट्यावरचं रक्त धुतलं, कारण लेकरं उठली होती. तिच्यावर न्याय संहितेचं कलम २३८, पुरावा नष्ट करणं. मूळ गुन्हा खुनाचा धरला तर सात वर्षांपर्यंत. आईचं जेवण सुटलं आहे. वकिलाला दीड-दोन लाख तरी गेले असतील, हिशेब ठेवायला डोकं कुठं आहे? ऊस तोडायला टोळी मिळेना, कारण "त्या घरी खून झालाय". रात्री वस्तीवर वहिनी, आई आणि दोन मुलं. बंदूक जप्त, परवाना निलंबित. पळालेल्या त्या तिघांना हे नक्की माहीत असेल.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० म्हणतं, पोलिसांना खरी उत्तरं द्यायलाच हवीत, पण ज्या उत्तरानं स्वतःवरच गुन्हा ओढवेल ते द्यायचं बंधन नाही. संविधानाचा अनुच्छेद २०(३) हेच सांगतो. गप्प राहणं हा हक्क, खोटं बोलणं हा गुन्हा, आणि या दोन्हींच्या मधली रेघ आम्हाला कुणी दाखवत नाही. दंडाधिकाऱ्यानं कबुलीजबाब घेण्याआधी "तुमच्यावर सक्ती नाही" हे सांगायलाच हवं. पोलिसांवर तसं बंधन नाही. १९७८ मध्ये हा गप्प राहण्याचा हक्क पदरात पाडून घ्यायला ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. माजी मुख्यमंत्र्यांची ही गत, तर आमच्या दादाची काय कथा! त्याच्या पुरवणी जबाबावर तर सहीसुद्धा घेतली आहे. कलम १८१ म्हणतं, तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही.

आणि स्वसंरक्षणाच्या खोट्या गोष्टींबद्दल बोलायचंच तर सगळंच बोलू. ११ नोव्हेंबर २००६ ला छोटा राजन टोळीतला समजला जाणारा रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचलून वर्सोव्यात मारलं. पोलिसांनी लिहिलं, चकमक झाली, स्वतःच्या बचावात गोळ्या झाडल्या. ते खोटं होतं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं १३ पोलिसांना दोषी धरलं. २०१५ मध्ये आपल्याच शासनानं त्यातल्या ११ जणांची शिक्षा स्थगित केली. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला, म्हणून बरं. घाबरलेल्या शेतकऱ्याच्या एका खोट्या वाक्याला जामीनसुद्धा नाही आणि वर्दीतल्या ठरवून रचलेल्या खोट्याला सरकारी सहानुभूती. हा हिशेब मला समजावून सांगा.

मागणं फार नाही. फिर्याद किंवा जबाब घेण्याआधी कलम १८० मधली ती सूट मराठीत वाचून दाखवावी आणि स्टेशन डायरीत तशी नोंद व्हावी. असा मृत्यू घडला की पहिल्या जबाबाआधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला फोन जावा. जबाबाचं चित्रीकरण संहितेत "करता येईल" असं आहे, ते अशा प्रकरणांत सक्तीचं करा. आणि त्या रात्रीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण आवाजासह जपून ठेवायचा आदेश आजच द्या. २ डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ते किमान वर्षभर ठेवायलाच हवं. आम्ही मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, "कॅमेरा बंद होता."

बंद होता की बंद केला, एवढं लेखी कळवा. त्या कागदावर सही कुणाची आहे ते आम्ही वाचून घेऊ.

आपली,
आरोपीची धाकटी बहीण
(खटला चालू असल्यानं नाव देत नाही. आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर आहे.)