तीन मिनिटांची तबकडी

महोदय,

जुन्या जॅझ ध्वनिमुद्रणांची गोडी म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी 28 जून 1928 रोजी शिकागोत ध्वनिमुद्रित केलेली ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही रचना ऐकावी. कोणाचीही साथ नसताना त्यांचा ट्रम्पेट पहिल्या काही सेकंदांतच उंच झेपावतो आणि तेथून उतरत सावकाश ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या व्याकूळ गाण्यांच्या, लयीत येतो. अखेरच्या आवर्तनात तर ते एकच तार स्वर इतका लांबवतात की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा. अर्ल हाइन्स यांचा पियानोही तोडीस तोड आहे. त्या काळच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत आणि वाजवलेले नंतर कापून जोडण्याची सोय नव्हती, त्यामुळे जे काही सांगायचे ते एका दमात, नेमकेपणाने सांगावे लागे. (अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) अशा ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या काढताना खरखर घालवण्याच्या नादात कधीकधी ट्रम्पेटची धारही बोथट केली जाते, त्यापेक्षा मला खरखर परवडते.

– एक वाचक, पुणे