लोहाच्या निळ्या गोळीवरच्या रेडिओ-भागासाठी, आमच्या आशाताईंना (आशा म्हणजे आरोग्य स्वयंसेविका)

प्रिय ताई,

समोर बसून बोलले तर तुम्ही ‘राहू दे गं’ म्हणत चहा ठेवायला उठाल, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय, कारण रेडिओवर नावं आम्हा पाच जणींची सांगितली गेली, तुमचं राहिलं.

रक्तक्षयावर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता. देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना तो आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा आम्ही पहिल्याच वाक्यात घातला होता. तुम्ही ओट्यावर घेवडा निवडत सगळी संहिता ऐकलीत आणि एवढंच विचारलंत, “शाळेत मिळालेली निळी गोळी पोरी गटारात का टाकतात, ते यात कुठंय?”

आम्ही गप्प बसलो. आमच्यातल्या दोघींनीच टाकली होती.

मग तुम्ही एकेक गाठ सोडवलीत. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. शी काळी होते, पोरी घाबरतात, आणि हे घरात विचारायचं कुणाला? तेव्हा तेच आधी सांगा, म्हणालात: काळी होते ती गोळीतल्या लोहामुळे, भ्यायचं नाही. आठवड्याला एक, पोटभर जेवून. वर लगेच चहा नको, जेवणात लिंबू पिळलेलं चांगलं. ‘रक्तक्षय’ खोडून तुम्ही ‘अंगात रक्त कमी’ लिहायला लावलंत. त्या एका खोडण्यानं कार्यक्रमाची भाषाच बदलली.

रेकॉर्डिंगही तुमच्याच घरी झालं. पत्र्याखाली आवाज घुमत होता, तर तुम्ही दोरीवर चार गोधड्या टाकल्यात, पंखा बंद केलात आणि शेजारच्या काकूंना कुकर लावू नका म्हणून सांगून आलात. आम्ही घामानं भिजलो होतो, पण आवाज स्वच्छ आला.

आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र लहान, दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे ऐकू जात नाही. पण २००६ साली सामाजिक संस्थांना अशी केंद्रं चालवायची मुभा मिळाली ती याचसाठी, असं मला मनापासून वाटतं. प्रसारणानंतरच्या आठवड्यात नववीतली एक मुलगी मला पाणवठ्यावर गाठून हळूच म्हणाली, “ताई, ते काळं होतं म्हणून सांगितलंत ना, मला वाटलं मला काहीतरी मोठं झालंय.” तिनं गोळी पुन्हा सुरू केलीय. तुम्हाला हे कळायलाच हवं.

आशाताईंच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. आमच्या संहिता ऐकण्यात घालवलेल्या तुमच्या दुपारींसाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. त्या दुपारींबद्दल आम्ही पाचही जणी तुमच्या फार फार ऋणी आहोत.

पुढचा भाग पाळीतल्या स्वच्छतेवर आहे. कच्ची संहिता घेऊन रविवारी येतो. धुतलेल्या गोधड्याही आणतो.

तुमची,
रेडिओवाल्या पोरींपैकी एक