एका शब्दाभोवतीच्या वर्तुळाबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत पत्राच्या आरंभी लिहायची रीत आहे म्हणून सलामही.

गेल्या महिन्यात नायगावची आपली चाळ रिकामी झाली आणि तुम्ही मुलीकडे डोंबिवलीला राहायला निघालात. टेम्पोत शेवटची पेटी चढत असताना मी आभाराचे काही बोलू लागलो, तर "आधी त्या तुळशीच्या कुंडीला हात लावा" असे म्हणून तुम्ही मला गप्प केलेत. समोरासमोर तुम्ही असले काही ऐकून घेणार नाही, हे 11 वर्षांच्या शेजारानंतर मला कळायला हवे होते. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि तेही सर्वांसमक्ष, कारण हे ऋण माझ्या एकट्याचे नाही. रविवारी सकाळी बाकांवर बसून माझा उपदेश ऐकणाऱ्या माणसांवरही ते आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

पाळकनिवासाचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूसाठी असलेल्या घराचे, छत गळू लागले म्हणून दोन वर्षांपुरत्या घेतलेल्या त्या खोल्यांत आम्ही नवे होतो. जेवणे आटोपून मुले निजली की शनिवारी रात्री मी गॅलरीत येरझारा घालत दुसऱ्या दिवशीचा उपदेश पुटपुटत असे, आणि पुटपुटता पुटपुटता माझा आवाज चढत असे. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी तुमचे दार उघडले. महापालिकेच्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवलेल्या बाई शेजारी राहतात हे मला ठाऊक होते. त्याचा परिणाम काय होऊ शकतो, हे ठाऊक नव्हते. "पाळकसाहेब," तुम्ही म्हणालात, "'त्याच्या द्वारे तुम्ही आशीर्वादित केले गेलेले आहात' असं कोण कोणाशी बोलतं हो?" ही आमच्या शास्त्राची भाषा आहे, असे मी जरा ताठ्यातच उत्तर दिले. त्यावर तुमचा प्रश्न आला : "शास्त्रात ती राहू दे की. उद्या बोलणार कोण आहे, शास्त्र की तुम्ही?"

मला राग आला होता, हे आज कबूल करतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरात वडील रोज रात्री कंदिलाच्या उजेडात याच भाषेत प्रार्थना करीत. तिच्यावर बोट ठेवणे म्हणजे वडिलांच्या कोटाचे ठिगळ दाखवणे, असे मला वाटले. त्या रात्री झोप लागली नाही ती रागाने, पण पुढल्या शनिवारी कागद घेऊन तुमच्या दाराशी आलो तो मीच.

तुम्ही माझे एकही वाक्य कधी स्वतः लिहून दिले नाही. शिसपेन्सिलीने शब्दाभोवती वर्तुळ काढायचे आणि समासात बारीक अक्षरात एक प्रश्न लिहायचा, एवढेच तुम्ही करत होता. 'मनुष्य संकटात देवापासून दूर जातो' या वाक्याशेजारी तुम्ही लिहिले होते, 'कितव्या मजल्यावरचा?' मी हसलो, पण मग बराच वेळ त्या वाक्यासमोर बसून राहिलो. दूर गेलेला जो माणूस मला खरोखर माहीत होता, तो मीच होतो : आईच्या आजारपणात सहा महिने मी लोकांसाठी प्रार्थना करीत होतो आणि स्वतःसाठी मला एक शब्द सुचत नव्हता. ते मी त्या रविवारी सांगितले. उपासनेनंतर दाराशी हात मिळवताना तिघांनी माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला.

पण ज्या शनिवारासाठी मी खरे म्हणजे हे पत्र लिहितो आहे, तो निराळा. आमच्या मंडळीतले एक आजोबा वारले होते. तरुणपणी ते परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 1982 चा संप झाला आणि त्यांची गिरणी सुटली ती कायमचीच, मग पुढची वर्षे त्यांनी इमारतींच्या दाराशी रखवालदारी करून काढली. दुसऱ्या दिवशी शिवडीच्या दफनभूमीत मला बोलायचे होते. मरण अटळ आहे, आशा अढळ आहे, अशी दीड पानाची मजबूत वाक्ये मी लिहून आणली. तुम्ही ती वाचलीत, एकाही शब्दाभोवती वर्तुळ काढले नाहीत आणि खाली लिहिलेत : 'यांना काय आवडायचे?'

बाई, मला ते माहीत नव्हते. नऊ वर्षे मी त्यांचा पाळक होतो, प्रभुभोजनाची भाकर दर महिन्याला त्यांच्या हातावर ठेवीत होतो, आणि मला ते माहीत नव्हते. रात्री साडेनऊला मी त्यांच्या मुलीकडे गेलो. घर माणसांनी भरलेले होते. ती मला जिन्यात घेऊन आली आणि तिने सांगितले की बाबा रविवारी सर्वांच्या आधी तासभर आमच्या उपासनामंदिरात जायचे आणि स्वतःच्या रुमालाने बाक पुसायचे, कारण साचेखात्यात तरुणपणी कापसाची पूस अंगावर घेतलेल्या माणसाला धूळ सहन होत नसे. आमचा मंदिरसेवक बाक पुसतो, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी मी दीड पान खिशातच ठेवले आणि त्या रुमालाबद्दल बोललो. माणसांच्या घरी जाऊन, बसून, विचारून मग बोलायचे, ही सवय मला तेव्हापासून लागली. ईश्वरविज्ञानाच्या वर्गात तिला मोठे नाव होते. मला ती तुमच्या एका ओळीमुळे जडली.

तुमच्या घरातून संध्याकाळी हरिपाठ ऐकू यायचा आणि आमच्या घरातून स्तोत्रे. या शेजाराबद्दल मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींपैकी एकांनी मला विचारलेही की उपदेश एका वारकरी बाईंना दाखवणे कितपत योग्य. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा 1895 साली याच मुंबईत झाला, त्यांची पदे आपण दर रविवारी गातो, एवढेच मी उत्तर दिले. 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सची मराठीच्या थोरवीची ओवी तुम्हाला तोंडपाठ होती आणि ती म्हणून दाखवून तुम्ही "हा तुमचाच ना?" असे विचारलेत. तो कॅथलिकांतला जेझुइट आणि मी प्रोटेस्टंट, तेव्हा 'आमचाच' म्हणताना मी किंचित अडखळलो, पण म्हणालो. त्याचे पुराण 1616 मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, हे ऐकून मात्र तुम्ही दोन दिवस हळहळत होता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले आणि 1922 साली मृत्यूच्या अगदी तोंडावर ते काम संपवले, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मग तुम्हाला आता काही सबब उरली नाही."

एका नाताळला तुम्ही उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसला होता. बाहेर करंज्या वाटत असताना तुमचा अभिप्राय आला : "आवाज मागपर्यंत येतो. शेवटची पाच मिनिटं कशाला होती?" तेव्हापासून ती पाच मिनिटे मी गाळतो. हे पत्र वाचणाऱ्या माझ्या मंडळीने या एका गोष्टीसाठी तरी तुमचे आभार मानायला हरकत नाही.

एका शब्दावर मात्र आपले जमले नाही. 'तारण' आले की तुमचे वर्तुळ ठरलेले, आणि समासात 'पतपेढी?' असा शेरा. तुमचे म्हणणे असे की आज तारण म्हटल्यावर लोकांना कर्ज आठवते, उद्धार नव्हे. मी तो शब्द सोडला नाही, कारण तो माझ्या आईच्या तोंडचा शेवटचा धड शब्द होता. पण तुमच्या शेऱ्यामुळे मी एकदा सोनेतारणाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या, मुलाच्या फीसाठी बांगड्या काढून देणाऱ्या बाईबद्दल बोललो. त्या दिवशी मंदिरात बसलेल्या कितीजणींचा हात नकळत मनगटाकडे गेला, ते मी वरून पाहिले.

येत्या रविवारच्या उपदेशात तो शब्द तीनदा आला आहे. एक मी काढू शकेन, दोन राहतील असे वाटते. कागद तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवला आहे, शनिवारी साडेआठला फोन करतो.

तुमचा शेजारी,
पाळक