बंड्या, हे तुलाच कळेल

प्रिय बंड्या,

पत्राला उशीर झालाय, शिव्या मनातल्या मनात देऊन घे. तब्येत ठीक, बीपी आटोक्यात, पुढे चल.

आमच्याकडे नवीन एलएमएस आलंय, म्हणजे नोट्स, असाइनमेंट, मार्क सगळं ऑनलाइन ठेवायची सिस्टिम. आधी मूडल होतं, त्याला आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवली आणि आता त्याच्याच आठवणीने गळा काढतो. प्रश्नपेढी इकडे आणली तर गणिताच्या चिन्हांचे सगळे चौकोन झाले, मॅडम अजून एकेक दुरुस्त करत बसल्यात. पण ते चालायचंच रे.

यात एक डॅशबोर्ड आहे. पोरं किती वेळा आत आली, किती पानं उघडली यावरून हिरवं, पिवळं, लाल. माझ्या वर्गातली एक मुलगी लाल आली आणि सिस्टिमने परस्पर माझ्या नावाने तिला मेल टाकली, तुमचा सहभाग चिंताजनक आहे म्हणून! पोरगी रडवेली होऊन आली, हातात हे एवढं बाड, सगळ्या पीडीएफ आल्याआल्या उतरवून प्रिंट काढलेल्या, समासात पेन्सिलीने प्रश्न, त्यातले काही मलाही सुचले नव्हते. सिस्टिमच्या नोंदीत काय, तर डाउनलोड केलं, बास. आणि दुसरे एक महाशय चारातली एकच असाइनमेंट देऊन नव्वद टक्के मिरवतायत, कारण आपण हाताने शून्य टाकेपर्यंत रिकामे रकाने सरासरीत धरलेच जात नाहीत.

मला तूच आठवलास. शेवटचा बाक, हजेरीचा ठणठणाट, आणि पेपरात आम्हा सगळ्यांच्या पुढे. तू तर डॅशबोर्डच जाळला असतास. (आणि हो, त्या दिवशी तुझी प्रॉक्सी मी मुद्दाम चुकवली नव्हती, सर माझ्याकडेच बघत होते, किती वर्षं तेच धरून बसशील?)

एचओडींशी भांडलो. मेल बंद करायचा अधिकार माझ्याकडे नाही म्हणे. वर ते म्हणतात, गळणारी मुलं वेळेत कळतात, आणि तेही खोटं नाही, मागे एक मुलगा गुपचूप गेला तो आम्हाला थेट परीक्षेला कळला. म्हणून भांडणात जोरच येत नाही यार. ती मुलगी आता स्क्रीनवर पानं नुसती उघडून ठेवते आणि वाचते कागदावरच. झाली हिरवी! आता हिला ओरडू की शाबासकी देऊ, तूच सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा गुडघा बरा आहे ना? वहिनींना नमस्कार. आणि उत्तराला नुसता अंगठा पाठवलास तर बघ.

तुझा,
विन्या