पिंप भरलेलं असायचं

मा. संपादक, स.न.वि.वि.

म्हाताऱ्या माणसांबद्दल पेपरात येतं ते बहुतेक वृद्धाश्रमाचं, नाहीतर २००७ च्या कायद्याचं, म्हणजे मुलं सांभाळत नसतील तर आईवडिलांना पोटगी मागता येते ते. कायदा हवाच, पण या माणसांकडून नातं कसं टिकवायचं हे शिकताही येतं, त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी घोडबंदर रोडला राहते, लग्नाला चार वर्षं झाली, दोघंही नोकरीवाले. मागच्या महिन्यात फालतू कारणावरून आमचं इतकं बिनसलं की मी बॅग भरून उथळसरला आजीकडे गेले. तिने काही विचारलंच नाही, आधी गरम भात वाढला, वर मेतकूट आणि तूप. रात्री मग स्वतःहून सांगत बसली. आजोबा वागळे इस्टेटला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट, चाळीत पाणी पहाटे चारला आणि तेही अर्धाच तास, पाणी भरायचं काम तिचं, पण आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं की ती उठायच्या आत पिंप काठोकाठ भरलेलं असायचं. हीच त्यांची माफी. तीसुद्धा रागात असली तरी डबा द्यायचीच, फक्त त्यात लसणाची चटणी नसायची, त्यावरून त्यांना कळायचं की अजून राग गेलेला नाही.

मी म्हटलं, असं प्रेम आता राहिलं नाही गं. तर म्हणाली, "काहीतरीच काय, जन्मभर पिंपावर भागवलं मी, एकदा तोंडाने चुकलं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? तुम्हाला बोलता येतं ना, मग फोन का बंद करून ठेवलायस?"

त्यांचं सगळंच चांगलं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. तिची आई शेवटच्या आजारात होती तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी जाऊ दिलं नाही, ते सांगताना आजही तिचा आवाज कापतो. पण काय करू नये हेसुद्धा तिच्याकडूनच कळलं मला.

तलावपाळीला रोज संध्याकाळी किती आजीआजोबा बसलेले असतात, त्यांना जाऊन विचारा आणि रविवारच्या पुरवणीत छापा, एवढीच विनंती. माझी आजी बोलायला तयार आहे, फक्त चारच्या आत या, नंतर तिचं भजन असतं.

आपली एक वाचक,
ठाणे (प.)