ख्रिस्ती महाविद्यालयांचे प्रवेश : कागदांचे काम जानेवारीतच सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल 2025 साली 5 मे रोजी लागला आणि महिना संपण्याआधी मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रवेशांची पहिली गुणवत्ता यादीही लागली. यादीत नाव आल्यावर कागदपत्रे तपासून घेऊन शुल्क भरायला हाती जेमतेम दोन-तीन दिवस असतात. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या ख्रिस्ती मुलांची अल्पसंख्याक कोट्यातली जागा अनेकदा याच दिवसांत हातची जाते, तीही गुण पुरेसे असताना. हवा असलेला कागद वसईच्या, अहिल्यानगरच्या नाहीतर केरळमधल्या एखाद्या चर्चच्या नोंदवहीत असतो आणि तो दोन दिवसांत येत नाही. म्हणून ख्रिस्ती संस्थांच्या प्रवेश कक्षांनी निकालाची वाट न पाहता जानेवारीतच कागदांचे काम हाती घ्यावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

आधी हक्काविषयी थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम 30(1) प्रमाणे अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापन करता आणि चालवता येतात. आपल्या समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी 50 टक्क्यांपर्यंत जागा राखायला सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या खटल्यात मान्यता दिली. पुढे 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यातल्या निकालाने हे एकच ठरावीक प्रमाण बाजूला ठेवले, तरी आपल्याकडच्या पदवी महाविद्यालयांत साधारण निम्म्या जागांचाच हिशेब चालतो. या जागांनाही गुणवत्ता यादी असते. फादरांची चिठ्ठी आणली की प्रवेश झाला, हा समज पालकांनी मनातून काढावा आणि प्रवेश कक्षांनीही तो वाढू देऊ नये. दुसरे म्हणजे, फलकावर संताचे नाव आहे एवढ्यावरून कोटा ठरत नाही. नवी मुंबईत भाषिक अल्पसंख्याक संस्थाही आहेत. संस्थेला अल्पसंख्याक दर्जा देणाऱ्या आदेशात नेमका कोणता समाज लिहिला आहे, ते अर्ज भरण्याआधी कार्यालयात विचारावे. हा आदेश दाखवायला कोणत्याही कार्यालयाने आढेवेढे घेऊ नयेत.

आता पुराव्याकडे. पहिला कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ किंवा ‘रोमन कॅथलिक’ असेल तर प्रश्न मिटतो. केंद्रीय मंडळांच्या कित्येक शाळांच्या दाखल्यावर धर्माचा उल्लेखच नसतो. तिथे बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीचा, चर्चने दिलेला दाखला आणि विहित नमुन्यातले प्रतिज्ञापत्र जोडून काम भागते. खरी अडचण येते ती घरी दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती उपासना आणि दाखल्यावर मात्र ‘हिंदू’ व पूर्वीची अनुसूचित जात, अशी नोंद असलेल्या कुटुंबांची. मराठी ख्रिस्ती समाजात अशी घरे पुष्कळ आहेत. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध व्यक्तीच अनुसूचित जातीत गणली जाते. ख्रिस्ती झालेल्यांना ती सवलत राहत नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात आहे. म्हणजेच एकाच अर्जात अनुसूचित जातीची सवलत आणि ख्रिस्ती कोटा या दोन्हींवर दावा करता येत नाही. असे अर्ज जात पडताळणीत अडकतात आणि तोवर मुलाचे एखादे वर्ष उलटून गेलेले असते. खिडकीपलीकडच्या माणसाने हे पहिल्याच भेटीत, आवाज न चढवता आणि चारचौघांत जातीचा उच्चार न करता, बाजूला बसवून समजावले पाहिजे. निर्णय कुटुंबाचा. तो घ्यायला त्यांना दोन-तीन महिने मिळावेत, म्हणूनच जानेवारीचा आग्रह.

शाळेच्या दाखल्यातली चूक दुरुस्त करायची असेल तर विद्यार्थी त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जायला हवा. शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होते. राज्यपत्रात (गॅझेटमध्ये) नाव किंवा धर्म बदलल्याची जाहिरात दिली म्हणजे जुना दाखला आपोआप बदलतो, असेही नाही. राज्यपत्राची प्रत त्या दाखल्यासोबत प्रत्येक ठिकाणी जोडावी लागते. त्यामुळे पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, शाळांनी नववीतच मुलांच्या नोंदी पालकांना दाखवून सही घेतली, तर पुढची बरीच धावपळ वाचेल.

बाप्तिस्म्याचा दाखला ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो, सध्या राहतो तिथल्या पॅरिशमधून नाही. ही साधी गोष्ट मे महिन्यात कळते आणि मग धांदल उडते. ठाणे व नवी मुंबईतली लॅटिन विधीची, म्हणजे रोमन कॅथलिकांच्या नेहमीच्या उपासना-परंपरेची, पॅरिश मुंबई महाधर्मप्रांतात येतात. वसईचा धर्मप्रांत 1998 मध्ये वेगळा झाला. सिरो-मलबार विधीच्या, म्हणजे केरळमधल्या वेगळ्या कॅथलिक परंपरेच्या, मल्याळी कुटुंबांसाठी 1988 मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला, त्यामुळे नेरूळला किंवा वाशीला राहणाऱ्या अशा घरातल्या मुलाची नोंद शेजारच्या लॅटिन चर्चमध्ये सहसा सापडणार नाही. अर्ज करताना बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची पूर्ण नावे आणि शक्य असेल तर धर्ममातापित्यांची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्यांची) नावे द्यावीत. तारीख ठाऊक नसेल तर निदान वर्ष सांगावे, नाहीतर पॅरिशच्या कारकुनाला जुनी वही पान-पान उलटावी लागते. दाखल्यावर वहीतला नोंद क्रमांक, चर्चचा शिक्का आणि अलीकडची तारीख असलेली सही आहे ना, ते पाहूनच निघावे. घडी घालून ठेवलेला, पंधरा वर्षांपूर्वीचा फिकट दाखला तपासणीत अनेकदा परत केला जातो.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे त्यांच्या चर्चांत, थोडे निराळे आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा मेथडिस्ट चर्चच्या नोंदवह्या व्यवस्थित असतात. काही मंडळ्यांत मात्र बाप्तिस्मा जाणत्या वयात होतो, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाकडे दाखला नसणे स्वाभाविक आहे. स्वतंत्र प्रार्थना मंडळ्यांच्या पास्टरांचे पत्र कोणते कार्यालय मानते, कोणते मानत नाही, आणि याचा नियम कुठेच लिहून ठेवलेला नसतो. हा त्या मुलांवर अन्याय आहे. मंडळीची नोंदणी, पास्टरांचे पद आणि पालकांचे प्रतिज्ञापत्र, यांपैकी काय चालेल हे माहितीपत्रकात स्पष्ट छापावे. त्यावर वेगवेगळी मते असू शकतील, पण नियम प्रवेशाआधी छापलेला हवा. खिडकीवर ऐनवेळी ठरवलेला नको.

नावांचा घोळ वेगळाच. गुणपत्रिकेवर ‘डी’ आणि ‘सूझा’ यांच्यामध्ये वर स्वल्पविरामासारखी खूण, आधारवर दोन्ही जोडून, आणि अर्जाच्या संकेतस्थळाला असे चिन्हच चालत नाही. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. मंगळुरी आणि गोव्याच्या कुटुंबांत मध्ये वडिलांचे नाव बहुधा नसते, त्या जागी बाप्तिस्म्याचे दुसरे नाव असते. विद्यार्थ्याने अर्जात बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच, अक्षरही न बदलता नाव भरावे आणि आधार त्याप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्यावे. शैक्षणिक श्रेयांक पेढीचे (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतात त्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे) खाते आणि राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती ही दोन्ही कामे आधारशी जोडलेली आहेत. तिथे नाव जुळले नाही तर अर्ज पुढे सरकत नाही.

अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्रासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अल्पसंख्याक असल्याचा दावा राज्याच्या सामाईक प्रवेशाच्या नोंदणीतच करावा लागतो. अर्ज निश्चित झाल्यावर तक्रारीची जी थोडी मुदत असते ती सोडली तर बदल होत नाही. ‘कशाला त्या प्रवेश फेऱ्या, थेट संस्था स्तरावरची (संस्था स्वतः भरते ती) जागा घ्या’ असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तेव्हा पालकांनी थांबून विचार करावा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. पण ते केंद्रीभूत, म्हणजे राज्याच्या सामाईक, फेरीतून झालेल्या प्रवेशांनाच. संस्था स्तरावरच्या जागेला ते लागू नाही, खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. वर सांगितलेल्या कुटुंबांतल्या अनेक मुलींना इतर मागासवर्ग म्हणून ही माफी मिळू शकते. ती केवळ घाईच्या सल्ल्यामुळे जावी, याचे फार वाईट वाटते.

परराज्यांतली ख्रिस्ती विद्यापीठेही आपल्या भागात विद्यार्थी शोधायला येतात, आणि त्यांतली काही उत्तम आहेत. त्यांच्या प्रतिनिधीला दोन प्रश्न विचारावेत : तुम्ही विद्यापीठाचे कर्मचारी आहात की दर प्रवेशामागे दलाली घेणारे? आणि शुल्क परताव्याचे वेळापत्रक लेखी द्याल का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या सूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी माघार घेतली तर 5 टक्के किंवा 5000 रुपये, यांतली कमी असेल तेवढीच रक्कम कापता येते. त्यानंतर परतावा 90, 80, 50 टक्के असा उतरत जातो. त्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही. 2024-25 साठी तर आयोगाने 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्यायला सांगितले होते. मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवायची नसतात. आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या संस्थेने समुपदेशकाचा पगार डोकी मोजून ठरवू नये. त्याच्यावर आकड्यांचा दबाव असेल तर तो मुलाच्या हिताचा सल्ला देऊ शकत नाही.

हिंदू आणि मुस्लिम पालक हळू आवाजात विचारतात, चर्चला जावे लागते का? उत्तर सरळ द्यावे. कलम 28(3) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. सकाळची प्रार्थना, मूल्यशिक्षणाचा तास यांत काय असते, तेही त्याच वेळी सांगावे.

महाविद्यालयांना आणि पॅरिश मंडळांना मागणे एवढेच. जानेवारीतल्या दोन रविवारी मिस्सा किंवा उपासनेनंतर प्रवेश कक्षाच्या एका कर्मचाऱ्याने चर्चच्या सभागृहात बसावे आणि बारावीच्या मुलांचे दाखले, आधार व बाप्तिस्म्याची कागदपत्रे बघावीत. कमी असलेला कागद कोणता, तो कोणत्या कार्यालयातून आणायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेली चिठ्ठी पालकांच्या हातात द्यावी, तिची प्रत स्वतःकडे ठेवावी. मार्चमध्ये परीक्षा आटोपल्यावर त्या प्रतीवरून फोन करावा. आणि ही चिठ्ठी व माहितीपत्रक इंग्रजीबरोबर मराठीतही असावे.

आपला,
एक प्रवेश समुपदेशक
वाशी, नवी मुंबई